खडा, वाळू, पीठ, लोणी

पुलाचा मधला खांब खचला आणि नदीपलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला पाण्यात उतरायची वेळ आली. पाणी फार नव्हतं, जेमतेम गुडघ्याला लागेल एवढंच. पण गुडघाभर पाणी माणूस जितकं सहज सोसतो तितकं सायकल सोसत नाही. सायकलचा जीव चाकाच्या मधोमध, हबमध्ये असतो, आणि हब नेमका गुडघ्याच्या खाली येतो. रिकामी सायकल लोक खांद्यावर घेत. लादलेली सायकल कोण उचलणार? दुधाचे कॅन, कापडाचे गठ्ठे, पावाच्या पेट्या, सगळं पाण्यातूनच ढकलत न्यावं लागे. पाणी हबमध्ये शिरे, ग्रीस धुऊन नेई आणि बदल्यात वाळू ठेवून जाई. आठवडाभरात चाकं कण्हायला लागली आणि कण्हणारं प्रत्येक चाक मिस्त्रीच्या दारात येऊन पडलं.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला ओळीनं नट आवळायचे पाने टांगलेले, छताच्या आकड्यांना चाकं, खाली पाट आणि पाटापुढे रॉकेल ओतलेली परात. मागची खोली बायकोची. ती किराणा दुकानदाराचं धान्य निवडून द्यायची, दर आठवड्याला एक पोतं. मधल्या दाराला फळी नव्हती, नुसता पडदा होता, आणि गेली अठ्ठावीस वर्षं दोघं त्या पडद्यातून बोलत आली होती. तोंड न दिसता संसार जास्त चांगला चालतो, असं मिस्त्रीचं मत होतं. बायकोचंही असावं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

हबचं काम दिसायला सोपं. बाहेरचा चेकनट सैल करायचा, त्याच्या आतला कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारी निमुळती चकती, फिरवून काढायचा, मधला दांडा, म्हणजे एक्सल, ओढला की ग्रीसनं माखलेले पोलादी छर्रे परातीत टपटप पडतात. पुढच्या चाकात प्रत्येक बाजूला दहा, मागच्या चाकात नऊ. रॉकेलनं सगळं धुवायचं, खड्डे पडलेले छर्रे फेकायचे, हबच्या वाटीत नवं ग्रीस भरायचं, त्यात नवे छर्रे एकेक करून बसवायचे आणि परत आवळायचं. हे कुणालाही जमतं. चौकातल्या वेल्डरलाही जमत होतं. तो मूठभर छर्रे कोंबायचा आणि दणकून आवळायचा. मिस्त्रीचं कसब शेवटच्या पाव फेऱ्यात होतं. कोन जास्त आवळला तर चाक रडतं, सैल राहिला तर डुलतं. शिवाय चेकनट आवळताना तो कोनाला आणखी थोडं दाबतो, म्हणून तेवढी केसभर जागा आधीच सोडायला लागते. मिस्त्री ती डोळे मिटून सोडायचा. एक्सलची टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू फिरवायचा, आणि आत एखादा छर्रा जरी नाराज असला तरी त्याला बोटांतून कळायचं. मन भरलं की एक्सलच्या टोकावर टोकदार पंच ठेवून हातोडीचा एक टोला. बारीकसा ठिपका उमटायचा. तो ठिपका असलेलं चाक वर्षभर उघडायचं नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आणि ऐन अशा हंगामात मिस्त्रीची बोटं बहिरी झाली.

एका दिवसात नाही झाली. आधी मुंग्या आल्या, मग बोटांवर कुणी कापड गुंडाळल्यासारखं वाटायला लागलं, मग काहीच वाटेनासं झालं. ग्रीस आणायला जातो सांगून तो एकदा पलीकडच्या डॉक्टरला दाखवूनही आला. डॉक्टर म्हणाला, नसा दमल्यात, गोळ्या घ्या, पण फार आशा धरू नका. मिस्त्रीनं गोळ्या खिळ्यांच्या डब्यात लपवल्या. सदऱ्याची बटणं लावता येईनात तेव्हा त्यानं बनियनवर बसायला सुरुवात केली.

"अहो, थंडी पडलीय आणि तुम्ही उघडे काय बसता?" बायकोनं पडद्यातून विचारलं.

"काम करून उकडतं."

"अठ्ठावीस वर्षं नाही उकडलं ते."

ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस जसा दुसरीकडे बघतो, तसा मिस्त्री छताकडच्या चाकांकडे बघत बसला.

मग तो डब्याचा प्रकार झाला. मिस्त्रीकडे जाड छर्‍यांचे दोन डबे होते. लाल झाकणाच्या डब्यात नवे, काळ्या झाकणाच्या डब्यात जुने, हातगाडीच्या किंवा फाटकाच्या चाकाला चालतील असे. दुपारी बायको पाण्याला गेली होती तेव्हा फळीवरून काढताना दोन्ही डबे त्याच्या हातून सुटले. पकड कधी ढिली पडली हेच त्याला कळलं नाही. छर्रे खोलीभर पळाले. त्यानं गुडघ्यांवर रांगत ते गोळा केले आणि बायको यायच्या आत घाईघाईनं निवडले. धुतलेला जुना छर्रा नव्यासारखाच चमकतो. फरक फक्त बोटाला लागतो. मिस्त्रीनं प्रत्येक छर्रा चिमटीत फिरवला, लागल्यासारखं केलं, आणि ज्या त्या डब्यात टाकला. आपण आपल्यालाच फसवतोय हे त्याला त्या वेळीही माहीत होतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी पाववाला आला. तिशीतला, उंच, बोलका गडी. त्याचं तोंड कधी बंद नसे आणि सगळ्या गावाच्या बातम्या पावाबरोबर घरोघरी जात. आज मात्र तो गप्प होता. कमरेपर्यंत भिजलेला होता आणि खांद्यावर मागचं चाक होतं. त्यानं चाक पाटापुढे ठेवलं.

"मधोमध पाण्यात जाम झालं, मिस्त्री. सायकल आडवी झाली. दोन्ही पेट्या गेल्या. मासे आज पोटभर जेवले असतील."

दारात आणखी दोघं उभे होते, दूधवाला आणि शाळेचा शिपाई. मिस्त्रीनं चाक उघडलं. परातीत पडलेल्या छर्‍यांत दोन फुटलेले होते, आणि तीन जुने, खड्डे पडलेले. फुटलेल्या तुकड्यांनी कोनही ओरबाडून काढला होता. आता ते डोळ्यांनाही दिसत होतं. एक्सलच्या टोकावर मिस्त्रीचा ठिपका चकाकत होता.

"नव्यात जुने कसे आले?" दूधवाल्यानं वाकून विचारलं.

त्याच वेळी मागच्या खोलीतून झाडू मारण्याचा आवाज आला. मिस्त्रीच्या तोंडून शब्द निघून गेले.

"घरात हौस आहे ना डबे पुसायची. लागला असेल हात."

झाडूचा आवाज थांबला. पडदा हलला नाही.

पाववाला हसला. "वहिनींनी डाळीत तांदूळ मिसळले म्हणायचे." मग शिपाईही हसला. मिस्त्रीनं सगळे छर्रे आणि कोन बदलून दिले, देवाचं नाव घेऊन आवळलं, आणि ठिपका न मारताच चाक परत केलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बायकोनं त्या दिवशी एक शब्द काढला नाही. वाईट हे की तिला ते खरं वाटलं. मागच्या आठवड्यात तिनं फळी पुसली होती. डबे उघडल्याचं आठवत नव्हतं, पण माणूस एवढं ठाम बोलतो म्हणजे झालं असेल काहीतरी, असं ती स्वतःला समजावत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुढच्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. चहाचा कप पडद्याखालून सरकवून ठेवायची. झाडू पडद्यापाशी थांबायचा. मिस्त्रीच्या पाटाखाली धूळ आणि तारांचे तुकडे साठायला लागले.

नळावर बायकांनी तिला सोडलं नाही. पाववाल्यानं आपलं काम चोख केलं होतं. "तुझ्या हातचं धान्य घ्यायचं की नाही आता?" एकीनं विचारलं, गमतीनंच. पण किराणा दुकानदारानंही परत केलेल्या पोत्यात हात घालून धान्य चाळवून पाहिलं, आणि ते गमतीनं नव्हतं. वीस वर्षांत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती घरी आली आणि निवडलेलं धान्य पुन्हा निवडायला बसली.

मिस्त्रीला हे पडद्याच्या फटीतून दिसत होतं, आणि बाहेरचं गिऱ्हाइकांकडून कानावर येत होतं. चूक आपली आणि खापर तिच्या डोक्यावर. सांगून टाकावं असं त्याच्या रोज दहादा मनात येई, आणि दहाही वेळा तो पाना उचलून चाकाकडे वळे. डबा सांडला हे सांगितलं तर निवडले कसे नाहीत हे सांगावं लागणार. ते सांगितलं तर पाटावर बसायचं कशाला, हाही प्रश्न आलाच. सायकलचं चाक सोडून त्याला जगात दुसरं काही येत नव्हतं. साधं पोहायलाही येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दूधवाल्याचं चाक उघडं पडलं होतं आणि मिस्त्रीसमोर लाल झाकणाचा डबा होता. आत अजून किती जुने शिल्लक आहेत कोण जाणे. चष्मा पुसून बघितलं, उन्हात धरून बघितलं. डोळ्यांना सगळे सारखेच. मग त्याला एक युक्ती सुचली. बोटं गेली, पण जीभ तर शाबूत होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक छर्रा बनियनला पुसला आणि तोंडात टाकला.

आणि खरंच, जिभेला कळत होतं. रॉकेलचा वास डोक्यात गेला, पण छर्रा गुळगुळीत आहे हे स्पष्ट कळलं. त्यानं तो काढून कागदावर ठेवला. दुसरा घातला, तोही चांगला. मिस्त्री खूष झाला. कित्येक दिवसांनी त्याला काहीतरी जमत होतं. आठ छर्रे झाले. नववा तोंडात घोळवत असताना पडदा सरकला.

"अहो, दुकानदाराचा माणूस पोतं..." बायको थांबली. "काय खाताय?"

मिस्त्रीनं मान हलवली. काही नाही.

"गाल फुगलाय तुमचा. काय आहे तोंडात?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आवंढा गिळला, आणि त्याचे डोळे गोल झाले. बायको पाटापाशी आली. तिनं कागद बघितला, डबा बघितला, नवऱ्याच्या ओठांवरचा काळा डाग बघितला.

"हे आठच आहेत."

"हं."

"मागच्या चाकाला नऊ लागतात."

"नववा..." मिस्त्रीनं पोटावर हात ठेवला. "गेला आत."

तिला हसू यायला हवं होतं. पुढं कित्येक वर्षं ती ही गोष्ट सांगताना हसणार होती. पण त्या क्षणी ती हसली नाही. ती खाली बसली आणि तिनं त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले. बनियन, न लावलेली बटणं, दोन्ही तळव्यांत धरलेला कप, आणि मागच्या महिन्यात पातेल्याला चिकटून भाजलेलं बोट, ज्याचा फोड त्याला तिनं दाखवेपर्यंत माहीतच नव्हता, असं सगळं तिच्या मनात एका रांगेत येऊन उभं राहिलं. तिनं पदराला टोचलेली सुई काढली.

"तिकडे भिंतीकडे बघा."

"अगं, काय करतेस?"

"बघा म्हणते ना."

मिस्त्री भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिला. मोठ्यापासून लहानापर्यंत सगळे जागच्या जागी होते. बराच वेळ झाला.

"टोच की मग," तो म्हणाला.

"पाच बोटं झाली," बायको म्हणाली.

त्यानं खाली बघितलं. उजव्या हाताच्या प्रत्येक बोटाच्या टोकावर रक्ताचा बारीक थेंब होता. ती पदरानं एकेक थेंब टिपत होती आणि रडत होती, आणि तिचं रडणं बघून मिस्त्रीच्या तोंडून इतके दिवस अडकलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. मुंग्या, डॉक्टर, खिळ्यांच्या डब्यातल्या गोळ्या, हातून सुटलेले डबे, रांगत गोळा केलेले छर्रे.

डब्यांचं ऐकताच तिचं रडणं थांबलं. तिनं त्याचे हात खाली ठेवले.

"म्हणजे मी हात लावलाच नव्हता."

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

मिस्त्रीनं मान खाली घातली.

"बोटांचं लपवलंत ते मी समजू शकते," ती हळू बोलत होती, म्हणून जास्त लागत होतं. "माणूस भितो. पण चार दिवस मी नळावर मान खाली घालून उभी होते. दुकानदारानं माझ्यासमोर पोत्यात हात घातला. मी रात्रंदिवस आठवत बसले की कधी उघडला मी तो डबा. माझं मलाच वेड लागायची वेळ आली. आणि तुम्ही इथं चहा पीत होतात, मी पडद्याखालून सरकवलेला."

ती उठून आत गेली. पडदा पडला. त्या संध्याकाळी चहा आला नाही, आणि आपल्याला तो मिळायलाही नको असं मिस्त्रीला मनापासून वाटलं.

सकाळी तो पाटावर येऊन बसला तर ती आधीच तिथं होती. पुढची खोली झाडून झाली होती. तिच्यासमोर धान्य निवडायचं ताट होतं आणि त्यात लाल डब्यातले सगळे छर्रे. एका हातानं ती ते पुढं सारत होती, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं एकेक दाबून फिरवत होती. वर बघितलं नाही.

"सात जुने निघाले," ती म्हणाली. "अजून अर्धं ताट आहे. आणि मी अजून बोलत नाहीये तुमच्याशी."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

दूधवाल्याचं चाक त्यांनी मिळून भरलं. ग्रीस त्यानं भरलं, छर्रे तिनं लावले. कोन त्यानं चढवला. पान्याला पकड लागते, स्पर्श नाही, आणि त्याच्या मनगटात अजून पुष्कळ जोर होता. मग एक्सलची टोकं तिनं चिमटीत धरली.

"फिरव. सावकाश. काय लागतं?"

"मला काय माहीत काय लागायला हवं?"

"लागेल ते सांग."

तिनं डोळे मिटले. "खडे नाहीत. पण वाळू आहे."

मिस्त्रीला हसू आलं, आणि बोलत नसल्यामुळे तिनं ते न पाहिल्यासारखं केलं. त्यानं कोन किंचित सैल केला. "आता?"

"पीठ. पीठ मळताना हाताला ओढतं तसं ओढतंय."

"अजून जड आहे मग. आता?"

ती बराच वेळ फिरवत राहिली. तिच्या कपाळावरची आठी गेली. "आता लोणी."

"चेकनट आवळला की परत थोडं घट्ट होतं. म्हणून लोण्याच्या थोडं पुढं सोडायचं. किंचित डुलायला हवं."

"एवढं सगळं तुम्ही डोळे मिटून करत होतात?" ती विसरून बोलून गेली, आणि मग गप्प बसली.

उन्हं दारात आली तशी माणसंही आली. दूधवाला चाक न्यायला, शिपाई नुसताच, आणि त्यांच्या मागून पुढचं चाक खांद्यावर घेतलेला पाववाला. मिस्त्रीशेजारी पाटावर तिला बसलेली बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"वहिनींना आत बसवा मिस्त्री, मग चाक देतो. माझ्या पेट्यांना पोहता येत नाही."

शिपाई हसला. बायकोनं ताट उचललं आणि ती उठायला लागली.

"बस," मिस्त्री म्हणाला.

ती अर्धवट उठलेली तशीच राहिली. मिस्त्रीनं आपले दोन्ही हात पुढं केले, पालथे नाही, उताणे. उजव्या हाताच्या बोटांवर पाच बारीक काळे टिपके सुकले होते.

"डबे माझ्या हातून सांडले," तो म्हणाला. बोलताना त्याला पाववाल्याकडे बघवेना, तरी तो बघत राहिला. "हिनं हात लावला नव्हता. माझ्या बोटांतला जीव गेलाय. दोन महिने झाले. जुना-नवा मला कळत नाही, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून मी हिच्यावर ढकललं. तुझ्या पेट्या मी बुडवल्या. ही गोष्ट तू गावभर वाटलीस, आता हीही वाट. पावाबरोबर घरोघर जाऊ दे. किराणा दुकानात आधी सांग."

दूधवाला आपल्या चाकाकडे बघत होता. ते कुणी केलं, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. पाववाल्याची नजर मिस्त्रीच्या बोटांवरून हलत नव्हती. त्याला बोलायला सुचत नाही असं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मग... आता काम कोण करणार?" त्यानं शेवटी विचारलं.

"पाना मी धरतो. हात तिचा. नको असेल तर वेल्डर चौकात आहे, राग नाही."

पाववाल्यानं खांद्यावरचं चाक काढलं आणि ते मिस्त्रीपुढे नाही, तिच्यापुढे ठेवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्या तोंडाला कडी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण उलट्या बाजूनंही ते तेवढंच चालतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल."

ती खाली बसली. पुढच्या चाकाचे दहा आणि दहा छर्रे तिनं ताटात मोजून घेतले. सगळे उभे असतानाही तिचे हात धान्य निवडताना पडायचे तसे पडायला लागले. मिस्त्री कोन आवळत गेला, ती सांगत गेली. दोनदा वाळू, एकदा पीठ, पुन्हा पीठ. दूधवाल्यानं घड्याळ बघितलं नाही. शिपायाला शाळा आठवली नाही. शेवटी ती म्हणाली, "लोणी," आणि काय ते न कळूनही पाववाल्यानं मोठा श्वास सोडला. चेकनट आवळून चाक उचललं तर वॉल्व्हच्या भारानंच ते फिरलं, खाली येऊन झुललं आणि आवाज न करता थांबलं.

मिस्त्रीनं सवयीनं पंच उचलला. तो बोटांतून निसटून परातीत पडला. त्यानं पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग बायकोनं तो रॉकेलमधून काढला, पदराला पुसला, एक्सलच्या टोकावर उभा धरला आणि दुसऱ्या हातानं हातोडी त्याच्यापुढे केली.

मिस्त्रीनं हातोडी मुठीत घेतली. तिच्या बोटांकडे बघून त्याचा हात हवेतच थांबला.

"मारा की," ती म्हणाली. "फक्त बेतानं. घरात आता एवढीच दहा शाबूत आहेत."